उंबरठ्यापासून मोजा

आमचे शेजारी राऊतभाऊ पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारतात, "घरून किती वाजता निघालात?" पाहुणा बिचारा म्हणतो, "स्टेशनावरून दहा मिनिटांत आलो." की भाऊ भडकलेच! "आणि स्टेशनावर काय आभाळातून पडलात? उंबरठ्यापासून मोजा!"

भाऊंचा जन्म मोजणी खात्यात गेला. झरी, उधवा, गंजाड, कुठल्या शेताचा बांध त्यांनी मोजला नाही ते विचारा. "मोजणीची साखळी खोटं बोलत नाही, बाई. माणूस बोलतो," असं ते मला, म्हणजे शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाईंना, आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतात. बायको गेल्यापासून डहाणूच्या घरात एकटेच असतात. एकुलती एक मुलगी, सुजाता, लग्न होऊन भावनगरला.

सुरत–भावनगर विमान सुरू झालं, त्या सकाळी भाऊ पेपर घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आले.

"फक्त अर्धा तास म्हणे! माणूस काय विमानातच जन्मतो?"

"अहो भाऊ, मध्ये नुसतं आखात तर आहे."

"सरळ रेषेत जवळ आहे, कबूल. पण आपण कावळे आहोत का? डहाणू ते सुरत गाडीने दोन तास. तिथून विमानतळ, एक तास. दोन तास आधी हजेरी. उतरल्यावर सामानाची वाट बघा, रिक्षा शोधा. झाले सहा-सात तास! आणि गाडी लेट मी धरलीच नाही अजून!"

त्यांनी विमान कंपनीला मराठीत पत्र लिहिलं. मग हिंदीत. मग गुजरातीत. शेवटी उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.'

"सूचना?" भाऊंनी पत्र माझ्यासमोर नाचवलं. "ही तक्रार होती!"

पुढे सुजाता त्याच विमानाने आली. दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. "इतक्यात?" मी विचारलं.

"आता जवळच तर झालंय, काकू. कधीही येता येईल."

तिला सुरतच्या गाडीत बसवून भाऊ परतले, ते माझ्या दारातल्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, आता गाडी किती लेट होती ते ऐकावं लागणार.

"बाई," ते म्हणाले, "पूर्वी तिला यायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागायचा. एवढी दमून आलेली पोर आठ दिवस तरी राहायची. आता जवळ आली, तर दोन दिवसांत निघते."

मी चहा टाकला.

दुपारी त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावले. सुजाताचा सुरतहून फोन होता. विमान रद्द झालं होतं, उद्याचं तिकीट दिलं होतं, आणि ती मिळेल त्या गाडीने परत डहाणूला येत होती.

"याला काय कारभार म्हणायचा?" भाऊ कडाडत होते. "पोरीला ताटकळत ठेवलं! लोकांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? मी सोडणार नाही यांना!"

बोलता बोलता त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि खुंटीवरची पिशवी ओढली.

"आता कुठे निघालात?"

"बाजारात. कोळणी उठायच्या आत पोचायला हवं. तिला सरंगा आवडतो."

कंपनीचा उद्धार करत ते जवळजवळ धावतच निघाले. गल्लीच्या वळणावर थांबले, माझ्यापाशी परत आले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,

"बाई, उद्याचंही रद्द करतील का हो हे लोक?"