सुभद्राबाईंचं कोण मेलं?

"मावशी, तुमचं कोण मेलं?"

हा प्रश्न सभ्य नाही, हे मलाही कळतं. पण वर्गातल्या मैनेनं पैज लावली होती, आणि काव्यस्पर्धेत पहिली आलेली मुलगी पैजेला घाबरत नसते.

दुःखाशिवाय कविता होत नाही, आणि आमच्या अकोल्याच्या शाळेत दुःखाचा पुरवठा अपुरा. ही उणीव १९५९ साली भरून निघाली. चित्रकलेच्या शेषराव सरांनी आपल्या बहिणीचं, सुभद्राबाईंचं, चित्र काढून हॉलमध्ये टांगलं. मुठीत पदर, एक डोळा मिटलेला, गालावर अश्रू. (मागे कापसाचं शेत होतं. अकोल्यात कापसाकडे कोण बघतं?) त्यावर नववीच्या मुलींनी कविता कराव्यात, असं ठरलं.

मराठीच्या केशवराव सरांनी कवितांची तुलना मृतांच्या संख्येवरून केली. (दुसरा निकष शुद्धलेखन.) मैनेचा फक्त नवरा वारला. जठारपेठेतल्या गोदाचं बाळ गेलं, पण 'मृत्यू'तला 'त्यू' ऱ्हस्व पडला, म्हणून बाळाचे गुण कापले. मी नवरा, दीर, दोन मुलं आणि एक बैल मारला. बैलानंच मला पहिला नंबर मिळवून दिला. आता माझी कविता अमरावतीच्या स्पर्धेला जाणार होती. मी जाणार की नाही, ते मात्र घरून ठरायचं होतं.

बक्षीस समारंभाला साक्षात सुभद्राबाई आल्या. नवऱ्यासकट. (माझ्या दुसऱ्या कडव्यात ते वारले होते.) तेव्हा मी तो प्रश्न विचारला.

"कोनी नाही वो पोरी," त्या म्हणाल्या. "कापूस येचताना डोयात कस्पट गेलं होतं. अन् हा म्हने, ताई, हालू नको, लय मस्त दिसून राह्यली. डोया सुजला पार. कोनी फुंकर तरी मारली असती."

केशवराव सरांनी तिथल्या तिथं निर्णय दिला, की चित्रातल्या बाईचं मत ग्राह्य धरता येत नाही. तिनं एकही कविता वाचलेली नाही. मला हे तंतोतंत पटलं. (माझा नंबर जात होता.)

घरी आले तर आई चुलीपुढे पदरानं डोळे पुसत होती. धूर असेल, नसेलही. मी विचारलं नाही. तुमच्या घरी तरी कोण विचारतं? मनातल्या मनात पहिली ओळ जुळवली आणि बाबांना हाक मारून दोघांपुढे उभी राहिले.

"बाबा, आई, माह्यं ठरलं. मले अमरावतीले जायचं हाय, अन् पुढं कवयित्रीच व्हायचं हाय. लोकायचं दुःख मले न विचारता समजते."