ताटातलं नाव

नावाचा अर्थ विचारायचा असेल, तर साऱ्या नाशकात माझ्याकडेच यावं लागतं! संस्कृत म्हणा, फारसी म्हणा, अरबी म्हणा. नाव सांगा, त्याचं कूळ आणि मूळ मी उभ्या उभ्या काढून देतो. देवळालीच्या छावणीतल्या पीटरसाहेबाला मी सांगितलं, "साहेब, ग्रीक भाषेत पीटर म्हणजे दगड. आमच्यात दगडू, तसे तुमच्यात तुम्ही!" साहेबाने पुन्हा कधी मला चहा विचारला नाही. टांगेवाल्या रहेमानला म्हटलं, "तुझं नाव अरबी. अर्थ, परम दयाळू!" त्या दिवसापासून त्याने घोड्याला चाबूक लावणं सोडलं आणि मी, म्हणजे खुद्द मास्तर, रोज शाळेत उशिरा पोहोचू लागलो.

सन पस्तीसच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलगी घोटीकडची, दिसायला छान, कामाला वाघीण. पण नाव काय? साळू! नावांच्या पंडिताची बायको साळू?

तिच्या वडिलांनी, खंडेरावांनी, बैठकीतच हात जोडले. "मास्तर, पोरीचं एकच मागणं हाय. नाव तेवढं बदलू नका. तिच्या आईनं ठेवलेलं हाय, अन् आई आता नाय."

"बघू," मी म्हणालो. या 'बघू'चा अर्थ सांगायला पंडित लागत नाही.

महिनाभर कोश चाळले आणि एक नाव पक्कं केलं. तारा! संस्कृतात तारा, फारसीत सितारा, इंग्रजीत स्टार! तीन भाषा, कूळ एकच! घरात मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही.

नवरी घरी आली. पाटावर ताटभर तांदूळ, माझ्या हातात सोन्याची अंगठी. मी ऐटीत नवं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. ऐकताच आईचा चेहरा उतरला.

"दुसरं लिही, गोरक्षा."

"का?"

"सांगता येत नाही."

"अर्थ आवडला नाही? अगं, फारसीत..."

"फारसी घाल चुलीत! हे नाव माझ्या तोंडून निघायचं नाही."

"सोपं तर आहे! म्हण, ता..."

आईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि डोळ्यांनी कोपऱ्याकडे खुणा केल्या. तिथे मोठ्या काकू, म्हणजे आईच्या थोरल्या जाऊबाई, वाती वळत बसल्या होत्या. काका गेल्यापासून त्या मंगलकार्यात मागेच बसतात. त्यांना ऐकू जरा कमी येतं. मला वाटलं, थोरल्यांच्या कानावर घाल म्हणतेय. मी छाती भरून ओरडलो, "ताराऽऽ!"

"ओ! आले, आले!"

काकू ताडकन उठल्या. मांडीवरच्या वाती घरभर!

"कुणी हाक मारली?" काकू भांबावून सगळ्यांकडे बघू लागल्या. "सासूबाई गेल्यापासून, सत्तावीस वर्षांत, मला कुणी नावानं हाक मारली नाही रे!"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. थोरल्या जावेचं नाव आई घेणार कशी? काका आयुष्यभर 'अगं ए' म्हणायचे, आम्ही काकू. जगभरच्या नावांची कुळं काढणाऱ्या मला घरातल्या काकूचं नाव ठाऊक नव्हतं! खरंच लाज वाटली. मी घाईघाईने तांदूळ सारखे केले, पण दुसरं एक नाव आठवेल तर शपथ!

"साळूच ऱ्हाऊ द्या की," खाली मान घालून नवरी म्हणाली.

"पण त्या नावाला काही अर्थ?"

"साळ कापताना बांधावर जल्मले, म्हनून साळू." तिने ताटाकडे बोट केलं. "साळ कांडली की ह्येच तांदूळ. ताट भरलंय माझ्या नावानं. वर आनखी ल्ह्यायचं कशाला?"

साळ! संस्कृत शालि! अरे देवा, मघापासून मी तिच्याच नावावर अंगठी गिरवत बसलो होतो!

"माझं मला राहू दे, हिचं हिला," काकू म्हणाल्या आणि साखर वाटायला निघाल्या. त्यांना मागे बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

साळू साळूच राहिली. आजही कुणी नावाचा अर्थ विचारायला आलं, की काकू कोपऱ्यातून हुकूम सोडतात, "आधी ते आपलं सांग. मोठ्यानं."

मी घसा खाकरतो. "संस्कृतात तारा..."

"ओ!" काकू म्हणतात, आणि साळू आतून हसायला लागते. फारसीपर्यंत मला अजून कुणी पोहोचू दिलेलं नाही.