पर्यायी भाग निवडण्याचे नियम

जगात कोणतीही वस्तू अपरिहार्य नसते. तिच्या जागी बसणारी दुसरी सापडेपर्यंत ती तशी वाटते, इतकंच. याच सत्यावर झाशीतल्या एका तंत्रशाळेची प्रयोगशाळा चालते, आणि उत्तम चालते.

तिथला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची चाल पडद्यावर दाखवणारं यंत्र, बबीनाच्या लष्करी लिलावातून आलेला. त्याच्या चाळीस भागांपैकी छत्तीस बदलून झाले होते. उरलेले चार म्हणजे पेटी, मूठ, नावाची पाटी आणि वीज साठवणारा एक कॅपॅसिटर. नोंदवहीत मात्र यंत्र ‘मूळ’ होतं.

वाढवून वाढवून संपलेली बाळंतपणाची रजा आटोपून स्नेहलता रुजू झाली, त्याच सकाळी तो कॅपॅसिटर गेला. तो बनवणाऱ्या कारखान्याची चौकशी केली, तर कारखान्यासकट तो देशच बंद पडल्याचं कळलं. पर्यायी भाग शोधणं आलं. नियम तीन: व्होल्टेज मूळइतकं किंवा जास्त, क्षमता जवळपास तितकीच, आणि जागेत बसला पाहिजे. (तिसऱ्यासाठी कानस वापरायला हरकत नाही.)

घरीही हाच शोध चालू होता. आठ महिन्यांची प्रमोदिनी आईखेरीज कुणाच्या हातून दूध घेत नसे. आज दुपारी तिने आजीच्या हातून घेतलं नाही, तर स्नेहलताने राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. स्नेहलताने सासूबाईंना नियम लावून पाहिले. यमुनाबाईंचं व्होल्टेज जास्त (याबद्दल घरात दुमत नाही). क्षमता, सहा मुलं वाढवलेली. तिसऱ्या नियमाला प्रमोदिनीची हरकत होती, आणि तिथे कानस चालत नव्हती.

प्रयोगशाळेतल्या दिवाकरला घेऊन ती सीपरी बाजारात गेली. रेडिओवाल्याने खोका उपडा केला. “वही तो नहीं है मैडम जी, उसका सगा भाई है.”

“चलेगा न, भैया?”

“भाई है, तो चलेगा ही.”

“माझा तर नाही चालत,” दिवाकर पुटपुटला. “पण घ्या.”

कॅपॅसिटर बसवला. चाचणी शास्त्रशुद्ध असते: दोन तास धूर आला नाही, की भाग पात्र. स्नेहलता यंत्रासमोर बसली आणि घड्याळ बघत राहिली. बाराला बाटली. साडेबाराला रडणं. एकपर्यंत घसा सुकणार.

“एवढं काय टक लावून बसलात?” दिवाकर म्हणाला. “ते काही रडणार नाहीये.”

दोन वाजले, धूर नव्हता. पडद्यावरची हिरवी रेघ मूळ भाग असताना धावायची त्याहून सरळ धावत होती.

ती रिक्षाने घरी पोचली. प्रमोदिनी पालथी झोपली होती.

“खूप रडली का हो?”

“छे. दोनदा प्यायली,” यमुनाबाई म्हणाल्या. “दाराकडे एकदा म्हणून बघितलं नाही. तू उगीच रजा वाढवत बसलीस.”

नोकरी वाचली. प्रसंग आनंदाचा असल्यामुळे स्नेहलता स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त मागच्या खेपेला आपण पंधरा दिवस रजेवर होतो, तेव्हा परतल्यावर “अरे, तुम्ही नव्हता का?” असं किती जणांनी विचारलं, ते आधी आठवून पाहावं.