खांबातली बेल

नवरा यायच्या आत दोन गोष्टी सुधारायच्या, असं तिनं ठरवलं: स्वतःला आणि पोर्चच्या खांबांना. तो दहा महिन्यांनी बोटीवरून परत येणार होता आणि हाताशी होते तीन आठवडे. तेवढ्यात स्वतःचं काही होण्यासारखं नव्हतं (आरशाचंही तेच मत पडलं). राहता राहिले खांब.

खांब कसले, दोन लोखंडी पाईप. काडीपैलवानांनी छप्पर डोक्यावर घेतल्यासारखे उभे. छकुली दोन महिन्यांची असताना नवरा निघाला, तेव्हा जाता जाता त्यानं त्यातल्याच एकावर बिनतारी बेलचं बटण चिकटवलं होतं. मग तोच पाईप धरून तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला. त्या बुटांना नाड्याच नव्हत्या, हे तिला तो गेल्यावर आठवलं.

तर आता बेल वाजणार, ती दार उघडणार, तिच्या कडेवर निळ्या फ्रॉकमधली लेक आणि त्याच्या मागे गुळगुळीत लाकडी खांब! हे चित्र तिनं मनात इतक्यांदा काढलं होतं की, त्याच्या कडा झिजल्या होत्या.

"तू आलास की फोन करायचा नाही," तिनं त्याला व्हिडिओ कॉलवर बजावलं. "मला बेलच ऐकायचीय. आणि दार ठोठावलंस तर याद राख, पोरगी उठेल."

छकुलीच्या झोपेपुढे त्या घरात कुणाचं काही चालत नसे. सासूबाई शिंकायला परसात जात. सुतारकाकांनाही कडक ताकीद होती: फळ्या दुकानातच कापून आणायच्या, इथं फक्त डिंक आणि स्क्रू. पाईपाभोवती चार फळ्यांची पेटी, वर-खाली बीडिंग पट्टीचं कडं, वरून पॉलिश. बोलणं सगळं खुणांनी.

सुतारांच्या रिवाजाप्रमाणे काम नवऱ्याच्या येण्याच्याच दिवशी सकाळी संपत आलं. ती छकुलीला थोपटत असताना काका खिडकीत आले. त्यांनी खांबाकडे बोट केलं, हवेत अंगठा दाबला, मग एका तळव्यानं दुसरा झाकला आणि भुवया उंचावल्या. फळी दाबून बसवू का, असं विचारताहेत, हे तिच्या लगेच लक्षात आलं. (तिच्या लगेच लक्षात येतं ते बहुधा चुकीचं असतं, हा अनुभव तिला ऐन वेळी आठवत नाही.) तिनं जोरजोरात होकारार्थी मान हलवली. काकांनी खांदे उडवले आणि बटणासकट पाईप पेटीत बंद केला.

नवरा दोन वाजता यायचा होता. दोन वाजले. अडीच वाजले. ती साडी सावरत दाराला पाठ लावून बसली.

"येईल गं," सासूबाई कुजबुजल्या. "बोटीवरचा माणूस तो. वळायला वेळ लागतो."

तीन वाजता तिनं साडी सोडून वरणाचा डाग असलेला गाऊन चढवला. तो आपल्याला विसरला असेल. किंवा आठवून परत फिरला असेल. दहा महिने काढले, पण हा एक तास सरता सरेना.

साडेतीनला सासूबाई मागच्या दारानं अंगणातले कपडे काढायला गेल्या आणि धावतच आत आल्या.

"अगं, तुझे खांब चोरायला कुणीतरी आलाय! पाठमोरा उभा राहून दोन्ही चाचपून बघतोय."

तिनं दार उघडलं. नवरा खांबाला कवटाळून मागच्या फळीवर बोटं फिरवत होता. दोन्ही बाह्यांवर ओल्या पॉलिशचे तपकिरी पट्टे.

"बेल कुठंय गं?" तोही कुजबुजला.

"कधी आलास?"

"दोनला. आधी दोनदा घरावरून पुढं गेलो, ते पाईप शोधत. मग बेल शोधली. मग पायरीवर बसलो, दाराला टेकून."

"मी आतून टेकले होते!" तिचा आवाज चढला. "फोन करायचास!"

"नको म्हणालीस."

"मग दार ठोठावायचंस!"

"याद राख म्हणालीस."

यावर तिनं असा गळा काढला की छकुली उठलीच. सासूबाईंनी तिला कडेवर घेऊन बाहेर आणलं. छकुलीनं या माणसाला नीट न्याहाळलं, मग त्याच्या हातातल्या फोनमध्ये डोकावून बाबांना शोधलं.

बऱ्याच वेळानं, सगळ्यांचे डोळे पुसून झाल्यावर, तिनं हळूच विचारलं, "खांब कसे वाटले?"

"छान आहेत," तो म्हणाला. "पण तिकडं डोळे मिटले की मला ते दोन पाईपच दिसायचे गं."

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी त्या खांबाला चौकोनी खिडकी पाडली आणि तिला चारी बाजूंनी बीडिंग लावलं. येणारा-जाणारा आत हात घालून बेल वाजवतो. नवरा नुसताच हात घालतो, गार पाईपाला बोटं लावतो आणि घरात येतो.

ते भोक कसलं, असं पाहुणे विचारतात. सासूबाई सुनेची बाजू कधी सोडत नाहीत.

"डिझाइन आहे ते," त्या सांगतात. "आमच्या सूनबाईंनी खाणाखुणा करून करवून घेतलंय."