थोरली छकुली, धाकटी छकुली

कोणताही मोठा निर्णय घाईत घेऊ नये. घाईतला निर्णय चुकला तर कुणाला तरी दोष द्यावा लागतो. बैठकीतला चुकला तर निदान चहा तरी झालेला असतो.

आमच्या अंथुर्ण्याच्या वस्तीवर छकुल्या दोन. थोरली म्हैस, धाकटी माझी मुलगी (वय नऊ महिने, दात दीड). धाकटीला गोवराची लस द्यायची म्हटल्यावर माझे सासरे गेणूआबा यांच्या अध्यक्षतेखाली लाभ-हानी बैठक बसली. हानी : पोर रडेल, ताप येईल, दंड सुजेल, शिवाय अमावस्या जवळ आली. लाभ : गोवर होणार नाही. आता न झालेला गोवर दाखवायचा कुणी आणि बघायचा कुणी? सबब लाभ शून्य धरण्यात आला. माझे पती अजित यांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ पुराव्यादाखल सादर केला (वक्ते एरवी केशतेल विकतात). निर्णय पुढच्या मंगळवारवर गेला. असे चार मंगळवार गेले. शेजारच्या वस्तीवर गोवर आला. बैठकीने त्याची नोंद घेतली आणि चहा घेतला.

दरम्यान जनावरांना लाळ-खुरकताची लस टोचणारे आले. थोरलीसाठी बैठक भरली नाही. आबांनी स्वतः दावं धरलं. "टोचा सायेब. हिच्यात हयगय न्हाय चालायची." (थोरली दिवसाला दहा लिटर दूध देते. धाकटी पिते.)

दुसऱ्या दिवशी लसीकरणाची वही घेऊन फिरणाऱ्या आशाताईंनी रस्त्यावरूनच विचारलं, "आबा, छकुलीला लस झाली का?"

"व्हय, कालच. जरा लाथा झाडल्या, पर झाली."

आशाताईंनी वहीत बरोबरची खूण केली.

मंगळवारी बैठक बसली, तशी मी धाकटीला कडेवर घेऊन अंगणवाडी गाठली. नर्सबाई वही बघून म्हणाल्या, "हिची झालीय की."

"ती म्हैस होती."

त्यांनी काही न विचारता खूण खोडली (अनुभवी बाई). धाकटी माझा पदर मुठीत धरून एकदा रडली. तेवढ्यात मी दोनदा रडून घेतलं.

तिचं अंग जरा तापलं. "म्हणलं नव्हतं?" असा ठराव एकमताने झाला. ताप उतरला, ठराव कायम आहे. गोवर मात्र आला नाही. त्यावर आबांचं म्हणणं असं, "आलाच न्हाय, मग टोचली कशापायी?"

वाचक इथं हसले असतील. त्यांनी हसता हसता आपला डावा दंड चाचपून पाहावा. तिथं बहुधा लशीचा एक जुना वण सापडेल. त्या दिवशी तुमच्याही घरी बैठक भरली होती. आई तेवढी मधूनच उठून गेली होती.