नावेच्या पोटात बोर

शिरवळपासनं पार विश्रामबागंपातुर मी पाण्याचं पॉइंट काढून दिल्यात. मी म्हंजी आकाराम पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी रानातनं चालायचं, खाली पाणी असलं की नारळ आपसूक उभा ऱ्हातो. चाळीस वर्सं ह्येच करतोय. काही ठिकाणी पाणी लागलं न्हाई, पण त्यो दोष बोर मारणाऱ्याचा. लेकाचे चार फूट अलीकडं मारत्यात आणि शिव्या मला देत्यात.

तर आमच्या धरणावर जैनुद्दीन मासं धरतो. माझा लहानपणापासनंचा दोस्त. त्याची नाव तीस वर्सांची, सागवानी, डांबर फासून फासून म्हशीवानी काळी झालेली. धरणाच्या पोटात जुन्या झाडांची खोडं हायत, त्यात अडकून ह्याची जाळी फाटायची. म्हणून त्याच्या लेकीनं, परवीननं, खोली मोजायचं यंत्र आणलं. पोरगी सांगलीत इंजिनिअरिंग शिकती. यंत्राला एक छोटा पडदा आणि साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर. सेन्सर पाण्यात बुडवून ठेवायचा. त्यो तळाला आवाज धाडतो, माघारी आलेला ऐकतो आणि खाली किती फूट पाणी हाय ते पडद्यावर दावतो.

"सेन्सर नावंला कुठं बसवायचा त्येच ठरंना गड्या," जैनुद्दीन म्हणाला.

"पॉइंट काढायचाय, आणि मी जित्ता असताना तू इचार करत बसलायस व्हय रं?"

"काका, हा तसला पॉइंट नाही," परवीन म्हणाली.

"पोरी, पॉइंट त्यो पॉइंट."

ह्ये सगळं काठावर बसून नानासो ऐकत हुता. नानासो म्हंजी गावातला मोठा ऊसवाला. त्याच्या रानात दोन बोर कोरडं गेल्यालं. दोन्ही काय माझं न्हवतं, एकच माझा. आता तिसऱ्यासाठी त्यो सांगलीच्या कुठल्याशा मशीनवाल्याला बोलावणार अशी गावात कुजबुज हुती.

"आकाराम," त्यो म्हणाला, "नावंवर पॉइंट बरोबर काढून दाव. जमलं तर सोमवारी माझ्या रानात तूच. न्हाई जमलं तर मशीनवाला."

मासळी घ्यायला आलेल्या साळूबाईसकट धा-बारा मानसं ऐकत हुती. नानासो मशीनवाल्याकडं गेला की सारा गाव त्याच्या मागं जाणार. मग मला नारळाची चटणीच करून खावी लागणार. माझं डोकं फिरलं. म्हणलं, आज ह्यास्नी दावायचंच.

चपला काठावर काढल्या, नारळ हातावर घेतला आणि नावंत चढलो. जैनुद्दीननं इंजिन तापवायला चालू ठेवल्यालं. परवीन हळूच म्हणाली, "काका, खाली सगळीकडं पाणीच आहे. नारळ नेमका कुठं उभा राहणार?"

"जिथं जोर जास्त तिथं."

पुढनं मागं चालत आलो. इंजिनाजवळ आलो आणि नारळ थरथरला. नुसता थरथरला न्हाई, ताडकन उभा ऱ्हायला.

"हितं," म्या सांगितलं. "बरोबर पाण्यातल्या पंख्याच्या मागं."

"काका, पंखा फेस काढतो. फेसात सेन्सरला काही ऐकू येत नाही. आणि नारळ इंजिनाच्या हादऱ्यानं उभा राहिला."

"चाळीस वर्सं नारळ माझ्या हातावर हाय. तुझ्या हातावर कवा हुता?"

जैनुद्दीननं मैत्रीखातर दोन भोकं पाडून सेन्सर तिथंच आवळला. नाव हाकली. पडद्यावर दोन फूट आलं, मग नव्वद, मग शून्य. आमी तर धरणाच्या मधोमध. यंत्र कोकलाय लागलं, आणि जैनुद्दीन "शून्य फूट!" म्हणून वरडला.

"धरण आटलं जनू," काठावरनं साळूबाई म्हणाली, आणि समदी हासली.

मी मागं हटणारा न्हवं. इंजिन बंद करून नाव काठाला लावाय सांगितली. "फेसाची अडचण हाय न्हवं? मग शांत पाणी कुठं?"

"पोटाखाली," परवीन म्हणाली. "पण काका, तिथं बसवायचा तर आधी नाव..."

बास. मला एवढंच पायजे हुतं. ती फळी आणि स्क्रू आणायला काठावर उतरली. मी नारळ घेऊन परत फिरलो. आता इंजिन बंद, नारळ मेल्यावानी पडून. मधल्या आडव्या लाकडाला ठेचकाळलो आणि नारळ उभा. देवाशप्पत उभा.

"जैनुद्दीन, हितं बोर मार. सरळ खाली."

"हितं?"

"माझ्यावर भरवसा हाय का न्हाई?"

भरवसा हुता बिचाऱ्याचा. त्यानं ड्रिल लावलं. लाकडाचा भुसा निघाला, काळा चुरा निघाला, आणि एकदम हातभर उंच कारंजं उडालं. चाळीस वर्सांची सवय, दुसरं काय. मी दोन्ही हात वर करून बोंबललो, "पाणी लागलं! पाणी लागलं!"

मग जैनुद्दीननं माझ्याकडं असं बघितलं की तसं त्यानं आयुष्यात कवा बघितलं न्हवतं. त्यानं पायाचा अंगठा भोकात खुपसला आणि म्हणाला, "आकाराम, आपुन नावंत हाय रं."

मंग काय. नानासो गुडघाभर पाण्यात उतरला, साळूबाईनं दोरी धरली, समद्यांनी मिळून नाव वर वढली. जैनुद्दीनचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. माझ्या मैतराची तीस वर्सांची नाव माझ्यापायी उघडी पडली हुती. मला वाईट वाटलं, पण त्ये मी तिथं कुणाला दावलं न्हाई.

दोन दिस भोकं बुजवून डांबर वाळवलं. मग परवीननं पाठीमागं पंख्यापासनं लांबच्या बाजूला एक फळी ठोकली आणि सेन्सर फळीवर बसवला. नावंच्या पोटापेक्षा बोटभर खाली, तोंड सरळ तळाकडं. आमी समदी काठावर. नाव निघाली. जाळं सोडत जैनुद्दीन आकडं वरडून सांगत हुता. बत्तीस फूट. एकतीस. मग एकदम अकरा, आणि जैनुद्दीन वरडला, "खोड हाय, खोड!" त्यानं जाळं वळवलं आणि अख्खं वर काढलं.

समद्यांनी परवीनची पाठ थोपटली. मीबी थोपटली. पण सांगायचं त्ये सांगितलंच. "मी बोर मारला तिथं पाणी लागलं का न्हाई? एका वितातच लागलं. हाय का कुणी मशीनवाला?"

नानासो उठला, धोतर झटकलं आणि माझ्याजवळ आला.

"आकाराम, सोमवारी रानात ये. नारळ घेऊन ये."

माझी छाती फुगली. साळूबाईकडं बघितलं, परवीनकडं बघितलं, मिशीवरनं हात फिरवला. "बघितलंसा? शेवटी नारळच."

"व्हय," नानासो म्हणाला. "तू पॉइंट काढ. तेवढी जागा सोडून कुठंबी बोर घेतो."

काय हासायचं त्ये हासा. सोमवारी मी जाणार हाय. बोलावलंय तर मलाच न्हवं?