दगडूमामांची शाबासकी

दगडूमामा भोईरांनी तुम्हाला गाढव म्हटलं, की समजायचं आपलं उत्तम चाललंय. नुसतं 'बरा हाय' म्हणाले, तर मात्र घरी जाऊन विचार करावा, आपलं कुठे चुकलं.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते लेथ खात्याचे फोरमन. राहायला पालेगावात, घरची भातशेती, अंगानं आडवे आणि आवाज भोंग्याला मागे टाकणारा. कंपनीच्या कबड्डी संघाचे कोचही तेच. गडी चढाईत दोघांना मारून परत आला, की मैदान टाळ्या पिटायचं आणि मामा ओरडायचे, "भोपल्या, झोपलावतास काय रं?" गडी खूश.

माझ्या मुलीच्या बारशाला बेलवलीला आमच्या घरी आले, तेव्हा पाळण्यात डोकावून म्हणाले, "माकडाचा पिल्लू हाय नुसता." माझ्या बायकोनं त्यांचा चहाच केला नाही. माझी आई मात्र इतकी सुखावली, की गुडघे दुखत असताना उठून तिनं करून दिला. देखण्या पोराला देखणं म्हणू नये, दृष्ट लागते, हे दोघांचंही शास्त्र. त्या एका कपावरून घरात जी धुसफूस चालली, ती अर्थातच मी भोगली.

मग आमच्या खात्यात मिलिंद रोकडे आला. उल्हासनगरचा, आयटीआय झालेला, बोलायला कमी, आणि चढाईला गेला की कुणाच्या हाती न लागणारा. मामांचा त्याच्यावर फार जीव. म्हणून त्याच्यासाठी त्यांनी ठेवणीतला शब्द काढला. एका अवघड जॉबचा पहिलाच नग त्यानं अचूक उतरवला. मामांनी तो हातात फिरवून पाहिला आणि सगळ्या खात्यासमोर म्हणाले, "धोंड्या, हाताला गंज चढलाय काय?"

आम्ही सवयीनं हसलो. मिलिंदनं मशीन बंद केलं आणि तो थेट मॅनेजरसाहेबांकडे गेला.

केबिनमध्ये साक्षीला मला बोलावलं. मामा गोंधळून सांगत होते, "साहेब, मी त्याची तारीफ केली." मी म्हणालो, "तारीफच होती, साहेब." साहेबांना वाटलं, आम्ही दोघं मिळून त्यांची फिरकी घेतोय.

"माझे आधीची भावंडा जगली नाय," मामा म्हणाले. "आयशीनं माझा नाव दगडू ठेवला, म्हनून मी वाचलू. चांगला बोलला की मानूस टिकत नाय, साहेब."

मिलिंद आवाज न चढवता म्हणाला, "मामा, तुम्हाला तुमच्या आईनं दगड म्हटलं. माझ्या आजोबांना अख्खं गाव धोंड्या म्हणायचं. शेंबडी पोरंसुद्धा. ते काही दृष्ट लागू नये म्हणून नव्हतं."

माझं मघाचं हसणं मलाच नकोसं झालं. साहेबांनी मेमोचा विषय काढला, तर मिलिंदच म्हणाला, "मेमो नको. फक्त असं बोलणार असतील, तर मी यांच्या संघात खेळणार नाही."

"चुकला माझा," मामा म्हणाले. "परत नाय बोलनार."

दिलेला शब्द पाळायला मामांचे फार हाल झाले. मी सुचवलं, तोंडानं कौतुक करा आणि मागून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. मिलिंद जवळच होता. "ओवाळायचं नाही हं," तो म्हणाला, "आम्ही ते सगळं सोडलंय." झालं, दोन्ही दारं बंद. सरावाला मामा खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातात धरून बसायला लागले.

बदलापूरच्या स्पर्धेत अंतिम सामना आम्ही मिलिंदच्या शेवटच्या चढाईवर जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरल्यावर मामा जवळ गेले, टॉवेल तोंडातून काढला आणि कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "बेस खेललास, पोरा." म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तरी मिलिंदचा पत्ता नव्हता. मामा गेटवर उभे, हातात स्वतःचं कार्ड, तेही पंच न केलेलं. "मी बोलाया नको होता रं," मला म्हणाले. मी म्हटलं, जिंकलाय, झोपला असेल उशिरापर्यंत. त्यांचं लक्षच नव्हतं, रस्त्याकडे बघत होते. एवढा ओरडणारा माणूस आम्हा सगळ्यांसाठी आयुष्यभर इतका घाबरत आलाय, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी वळणावर मिलिंद दिसला. घामाघूम, सायकल हातानं ढकलत. "पंक्चर झाली, मामा."

मामांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मिलिंदनं त्यांच्या हातातलं कार्ड पाहिलं, डोळे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"बोला मामा," तो म्हणाला. "आजच्या दिवस चालेल. फक्त तो एक शब्द सोडून."

"गाढवा," मामा म्हणाले, "आयलास काय रं." आणि त्याच्या हातातली सायकल काढून घेऊन, नाक ओढत, स्वतःच ती स्टँडकडे ढकलत निघाले.